फहाहीलला नेलेला कागद

कुवेतला उतरलो तेव्हा जानेवारीची सकाळ होती आणि माझ्या अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट. वाळवंट म्हणजे उकाडा, असं मी पाचवीच्या पोरांना वर्षानुवर्षं शिकवत आलो. माझे दात वाजू लागले तसं विजयदादानं आपलं जाकीट काढून दिलं. "मास्तर, आदी तुमचा भूगोल सुदरा," म्हणाला.

दादा माझा थोरला भाऊ. गुहागरकडच्या आमच्या गावातून अठराव्या वर्षी तो वेल्डर म्हणून इथं आला. एकविशीच्या आतला पोरगा एजंटला नको होता, म्हणून बाबांनी गुरुजींच्या हातापाया पडून शाळेच्या दाखल्यावर त्याचं वय तीन वर्षांनी वाढवून घेतलं. आता त्या कागदी वयाची साठी भरत होती आणि साठीनंतर त्याची कंपनी इकामा (रहिवासाचा परवाना) सहसा वाढवत नव्हती. ग्रामपंचायतीच्या जुन्या वहीतून मी त्याच्या खऱ्या जन्मतारखेचा उतारा मिळवला होता. तो घेऊनच मी शाळेतून रजा काढून आलो होतो.

गाडी दक्षिणेकडे निघाली. एगैलाचे मॉल मागे पडले, दूर रिफायनरीच्या चिमण्यांच्या तोंडाशी ज्वाळा दिसू लागल्या. दादा राहतो ते फहाहील हे एके काळी कोळ्यांचं गाव. तेल निघालं आणि गावाचं शहर झालं. जवळची एक जुनी रिफायनरी आता बंद आहे. नवी केवढी तरी मोठी, पण तिला माणसं कमी लागतात. पुष्कळसे जोड यंत्रच मारतं. दादा हे सगळं सांगत होता, पण नव्या रिफायनरीकडे बघत नव्हता.

दुपारी रत्नागिरीच्या सलीमभाईंच्या खानावळीत झुबैदीचं (आपलं पापलेट) कालवण जेवलो. निम्मी टेबलं रिकामी होती.

"पूर्वी रिफायनरी बंद ठेवून दुरुस्ती चालायची, त्या शटडाउनच्या कामाला मानसं आली की हितं बसाया जागा नसायची," सलीमभाई म्हणाले. "आता माझी नात पन झुबैदीला फिश म्हनते. कुनाला सांगायचं?"

दुसऱ्या दिवशी कंपनीत गेलो. तिथला मंदूब (सरकारी कागदपत्रं करून आणणारा माणूस) जोसेफ केरळचा. त्यानं मला दारातच बजावलं, "मास्टरजी, आप सिर्फ बैठो. साब एक साल बढ़ा देंगे. उनको अच्छा वेल्डर चाहिए."

मी बसलो. साहेबांनी फाइल उघडली, पेनाचं टोपण काढलं. आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. हक्काची तीन वर्षं असताना एकच का घ्यायचं? मी उतारा टेबलावर ठेवला. "सर, ये असली उमर है."

साहेबांनी एकदा पासपोर्ट पाहिला, एकदा उतारा, आणि टोपण परत लावलं. "दोनों में से एक तो झूठ है. मैं साइन नहीं कर सकता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जोसेफनं कपाळावर हात मारला. दादानं उतारा उचलून माझ्या खिशात ठेवला.

संध्याकाळी समुद्राकाठी बसलो तेव्हा म्हणाला, "गावात मी रजेवर आलेला मानूस रं. हितं माजा जोड कदी गळला न्हाय, येवडं सगळ्यांना ठावं हाय. आनखी दोन-तीन वर्सं काम करायचं होतं, बस."

"दादा, मी घाण केली."

"तुज्या वैनीला काय बोलू नको. मी बगतो."

माझा महिन्याचा व्हिसा संपायच्या आत त्याचे परतीचे कागद तयार झाले. निरोप द्यायला सलीमभाई आले, जोसेफ आला. कंपनीचं दुसरं कोणी आलं नाही.

घरी पोचलो. वैनीनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि दर खेपेसारखं विचारलं, "किती दिवसांची रजा?"

"आता कायमचा आलो," दादा म्हणाला. "सायब सोडत नव्हता. मीच बोललो, पुरे झालं."

वैनीचा चेहरा असा उजळला, की मला तिच्याकडे बघवेना. खऱ्या तारखेचा उतारा अजून माझ्या खिशातच होता. दादा धडधडीत खोटं बोलत होता. या वेळी मी मधे तोंड घातलं नाही.