बिनपैशाची सोयरीक

होळीनंतरचा चौथा दिवस. मुलीकडच्यांनी मागितलेली रक्कम एकवीस हजार. हजर होते मुलीची आई, मामा, गावचे दोन पंच, मुलाची मावशी, मुलगा आणि मी. मुलगी आतल्या खोलीत, पण दार अर्धं उघडं.

मुलगा म्हणजे अमरावतीच्या राजापेठेतल्या आमच्या घरात वरच्या खोलीत राहणारा भाडेकरू. कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. मूळचा मेळघाटातला कोरकू. वडील नाहीत, म्हणून "काका, तुमी चाला संगं," म्हणाला. या मुलीसाठी तो तीन वर्षं थांबला होता, हे मला ठाऊक होतं.

मुलीचं गाव अकोटच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. जंगलातून उठवून सपाटीवर वसवलेलं, एका ओळीत सारखी घरं. मोहाची झाडं वर राहिली. तरी दुपारी डोंगराकडून वारा आला की फुलांचा गोड, जड वास येई, किंवा मला तसं वाटे. मुलीची आईसुद्धा अधूनमधून त्याच दिशेला बघत होती.

बोलणी कोरकूत चालली होती. मला त्या भाषेतले आकडे तेवढे येतात, भाडेकरूनं शिकवलेले: मिया, बारी, आपई, म्हणजे एक, दोन, तीन. बाकी सगळं पाण्यासारखं वाहत होतं. त्यातून मधेच एखादा ओळखीचा आकडा वर यायचा आणि बुडून जायचा. मोठ्या रकमा आल्या की सगळे हिंदीवर येत आणि मला जाग आल्यासारखं होई. कुणीतरी लांब बासरी वाजवत होतं. सुरू कधी झाली ते कळलं नव्हतं.

तेवढ्यात मुलगा मलाही समजेल असं वऱ्हाडीत बोलला, आणि पुढे सगळे त्याच भाषेवर आले. "शिकलेल्या लोकायनं हे बंद केलं पायजे. एकवीस काय, एक रुपयाबी नको. देणं-घेणं काहीच नको."

आमच्याकडे असं बोलणाऱ्या मुलाचा सत्कार करतात. मीही मान डोलावली.

आईनं आमच्यापुढचा पाण्याचा तांब्या उचलला.

"तुमच्यात पोरीवाला देते, तुमी बंद करा," ती मला म्हणाली. मग त्याच्याकडे वळली. "आमच्यात पोरावाला देते. फुकट नेली, अन उद्या हाकलून देली, तं मी पंचायले काय सांगू? ते म्हनतीन, तुह्यं काय गेलं?"

मामा उठून उभा राहिला. मुलाचा चेहरा उतरला. "मी तं चांगल्यासाठीच बोललो, मामा."

"मामा म्हनू नको अजून."

आतून मुलीचा आवाज आला, "अमरावतीत कोंबडं तरी फुकट भेटते काय, इचारा त्याले."

एका पंचाला हसू आलं आणि त्यानं ते मिशीत दाबलं. तेवढी फट मावशीला पुरली.

"बसा हो दादा. शयरात राहून पोरगं येडं झालं. त्याचं नका आयकू, माह्याशी बोला. एकवीस लय होते. दहा."

मामा उभाच होता. "दहात बकरी भेटते."

"मंग बकरीच नेतो. ती तोंड तरी चालवत नाई."

आत कुणीतरी खुदकन हसलं. मामा बसला. आईनं तांब्या परत आमच्यापुढे ठेवला.

मग उन्हं कलेपर्यंत मुलीच्या हातची भाकर, तिचं मोहफुलं वेचणं, तिचं भांडखोरपण, मुलाची नोकरी, त्याचं येडेपण, सगळ्याचं मोल झालं. मावशी दोन वेळा रुसून अंगणात गेली आणि मामानं तिला दोन्ही वेळा आणून बसवलं. घाई कुणालाच नव्हती. मला मधे डुलकी लागली असावी, कारण बारा आणि चौदा यांच्यामधलं मला काही आठवत नाही. जाग आली तेव्हा डोंगर निळा झाला होता आणि मुलगा खाली मान घालून, पण हसत बसला होता.

सोळा हजारांवर ठरलं. ते मुलानं खिशातून काढून दोन्ही हातांनी मुलीच्या आईच्या पदरात घातले. 'फुकट'च्या बोलण्याचा दंड पाचशे, तो पंचांना दिला.