ते रडणं बंद करायचं राहून गेलं

मंडळी, ग्रुपवर दोघातिघांनी माझ्याकडे कोल्ह्यांसाठी लावलेला 'तो आवाज' मागितला. आधी काल रात्री काय झालं ते वाचा.

हिंगण्याच्या पुढे आमची टरबुजाची वाडी आहे. कोल्हे रोज रात्री पिकलेली टरबुजं फोडत होते. मी मोबाइलवर कोल्ह्याच्या पिल्लाच्या रडण्याचा आवाज शोधला, ब्लूटूथ स्पीकर मातीवर ठेवला आणि काकांसोबत बॅटरी घेऊन बांधाआड बसलो. कोल्हा आला की तोंडावर उजेड मारायचा, सुतळी बॉम्ब फोडायचा, म्हणजे पुन्हा फिरकणार नाही. ही हुशारी माझीच.

थोड्या वेळात कोल्हीण आली. उजेडात तिचे दुधाने भरलेले सड स्पष्ट दिसले. टरबुजांकडे तिने पाहिलंही नाही. सरळ स्पीकरपाशी जाऊन हुंगायला लागली.

तरी मी बॉम्ब पेटवून फेकला.

ती पळाली. आणि धूर विरायच्या आत परत आली, कारण स्पीकर रडतच होता.

"अबे, बंद कर ना गा ते! तिले तिचंच पिल्लू वाटून राहिलं!" काका ओरडले. घाईत मोबाइलचं लॉकच उघडेना.

आज सकाळी वाडीत गेलो. एकही टरबूज फुटलेलं नव्हतं. काकांनी बोट दाखवलं. रात्री आम्ही जिथून स्पीकर उचलून नेला होता, त्या जागी नखांनी हातभर खड्डा उकरलेला होता.

आवाज मी डिलीट केलाय. खड्डा बुजवायला मात्र मन धजत नाही. तुम्ही असता तर बुजवला असता?