फवारणी पंपाचा जप

मेहकरात माझा टायपिंगचा क्लास आहे. पोरं कमी होत गेली तसा वेळ उरत गेला, आणि उरलेल्या वेळात मी वेबसाइट काढली. धंदा सोपा वाटला होता. शेतीच्या वस्तूंची माहिती लिहायची, खाली ऑनलाइन दुकानाची लिंक द्यायची, कुणी त्या लिंकवरून वस्तू घेतली की आपल्याला दलाली. अट एकच: शोधणाऱ्याला आपलं पान सगळ्यात वर दिसलं पाहिजे. खाली गेलेलं पान आणि विहिरीत पडलेली घागर सारखीच, असं मी बायकोला समजावलं. घागर काढायला गळ असतो, तुमच्याकडे काय आहे, असं तिनं विचारलं. माझ्याकडे कीवर्ड होता.

एका व्हिडिओतल्या गुरुजींनी सांगितलं होतं, लोक जे शब्द शोधतात तेच पानात जागोजाग पेरा. मी पेरणी जरा दाटच केली. 'शेतकरी बांधवांनो, सर्वोत्तम बॅटरी फवारणी पंप शोधत असाल, तर सर्वोत्तम बॅटरी फवारणी पंप कसा निवडावा हे कळण्यासाठी आमचा सर्वोत्तम बॅटरी फवारणी पंप पाहा.' असं चाळीस वेळा. बायकोनं ते मोठ्यानं वाचायला घेतलं आणि चौथ्या ओळीला थांबून विचारलं, तुमची तब्येत बरी आहे ना?

आता खरं सांगून टाकतो. मी बॅटरीचा पंप पाठीवर घेणं तर सोडाच, हातातही धरलेला नव्हता. आमचं शेत वडिलांपासून बटईनं दिलेलं. फवारणी मी बसच्या खिडकीतून पाहिलेली, तीही नाकाला रुमाल लावून. तरी मी बेधडक लिहिलं, 'एका चार्जिंगमध्ये दिवसभर चालतो, खांद्याला अजिबात त्रास नाही.' दुकानाच्या पानावर होतं ते उचललं आणि 'आमचा अनुभव' असं वर मथळ्यात टाकलं.

पान वर आलं की नाही हे बघण्याचं मला व्यसन लागलं. माझ्या मोबाइलवर ते नेहमीच वर दिसायचं, कारण ते उघडणारा मीच होतो हे मोबाइललाही कळून चुकलं होतं. मग मी दुसऱ्यांचे मोबाइल मागायला लागलो. दाढी करता करता न्हाव्याचा मागितला. बसस्टँडवर एका अनोळखी गृहस्थांना म्हटलं, जरा फवारणी पंप शोधून बघता का? त्यांनी मोबाइल खिशात घातला आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसले. काही दिवस पान खरोखर वर होतं. मी क्लासमध्ये ताठ चालायचो. मग एका सकाळी ते जे गडप झालं ते कुठेच सापडेना, आणि त्याच गुरुजींचा नवा व्हिडिओ आला: एकच शब्द पुन्हा पुन्हा कोंबू नका, पान खाली फेकलं जातं.

मी शब्द काढायला बसलो, पण जीव होईना. त्याऐवजी सोपा मार्ग धरला. नातेवाइकांच्या ग्रुपवर लिंक टाकली आणि विनंती केली, रोज एकदा उघडत जा, म्हणजे पान वर सरकेल. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. उघडलं कुणीच नसणार, असं मी धरून चाललो. तिसऱ्या दिवशी एक पंप विकला गेला. पहिलाच. कुणी घेतला ते दिसत नाही, पण मी जिलेबी आणली आणि बायकोला म्हटलं, बघ, कुणीतरी आपलं वाचतं.

पुढे भादव्यात आईनं पापड पोचवायला मला मामांकडे धाडलं. मामांचं गाव संग्रामपूरच्या पलीकडे. दोन गाड्या बदलून पोचलो तर मामा शेतात होते. मामींनी सांगितलं, लांबच्या तुकड्यात आहेत, अलीकडे फवारणी तिकडूनच सुरू करतात. हातपाय धुवायला गोठ्याकडे गेलो आणि पोत्याखालून तो दिसला. हिरवी टाकी, पिवळा पट्टा. फोटोत इतक्यांदा पाहिला होता की माझ्याच घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

मामींना विचारलं तेव्हा त्यांनी आधी दाराबाहेर बघून घेतलं. मग बोलल्या. अर्धं वावर होत नाही तर बॅटरी बसते. पट्टा खांद्यात रुततो. मामा पहाटे हिरवा पंप लोकांना दिसेल असा पाठीवर घेऊन निघतात आणि लांबच्या तुकड्यात जाऊन जुना हातपंप काढतात. तिथं झोपडीत लपवून ठेवलाय. काल पट्ट्याचं बक्कल तुटलं म्हणून आज तेवढा हिरवा घरी राहिला.

मी तिकडे गेलो. मामा पऱ्हाटीत, कपाशीच्या ओळीत उभे होते, सदऱ्याच्या गळ्यातून खांद्यावरचा काळा वळ दिसत होता. आमच्याकडे भाचा मामाच्या पाया पडत नाही, मामाच भाच्याच्या पडतो. त्यांनी पंप खाली ठेवला आणि चिखलातच वाकले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी विचारलं, एवढा वाईट निघाला तर मला सांगितलं का नाही?

मामांनी माझं ते पान बोट फिरवून सगळं वाचलं होतं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचणारे बहुतेक तेच एकटे.

"चाळीस खेपा म्हणून राह्यला होता तू, घ्या घ्या," ते म्हणाले. "पंगतीत कोणी एवढा आग्रह केला तर नाही म्हणता येते काय? त्यात तू भाचा. तुया शब्द खाली कसा पडू देऊ?"

शोधयंत्राला भुलवायला केलेला तो जप मामांना आग्रह वाटला होता. 

तेवढ्यात बांधावरून शेजारचे काका आले, हातात मोबाइल. भाचे आल्याचं त्यांना गावात कळलं होतं. मामांनी पंपाची इतकी तारीफ केली होती की त्यांनाही तोच हवा होता, आणि मागवायचं बटण माझ्याच हातानं दाबून घ्यायचं होतं. पान उघडून त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. महिनाभर जे पान वर यावं म्हणून मी लोकांच्या हातापाया पडलो, ते माझ्या नाकासमोर होतं. काकांनी खाली ठेवलेल्या हातपंपाकडे बघितलं आणि मामांना पुन्हा एकदा विचारून घेतलं, पंप चांगला आहे ना?

"चांगला हाय," मामा म्हणाले. ते पऱ्हाटीकडे बघत होते. आयुष्यात ज्यांनी बाजारात एक किडकं वांगंसुद्धा टोपलीत खाली दडवलं नाही, ते माझ्यासाठी खोटं बोलत होते, आणि त्यांना ते नीट जमतही नव्हतं.

मी काकांना म्हटलं, घेऊ नका. मी तो कधी वापरलेला नाही, सगळं उतरवून काढलंय, मामांनाही त्याचा त्रासच झाला. हे बोलताना मला फार बरं वाटलं, आणि बरं वाटता वाटताच कळलं की मी काय केलंय. काका माझ्याकडे बघतच नव्हते. ते मामांकडे बघत होते.

मामांनी टोपी काढली, हातात धरली.

"पोरानं मोबाइलात लेहलं," ते काकांना म्हणाले. "पण तुले चांगला म्हणून म्या सांगतलं. म्या खोटं बोललो."

हे त्यांनी एकदाच सांगितलं. काकांनी मोबाइल बंद केला आणि बांधावरून निघून गेले. मामांनी हातपंप उचलून पाठीला लावला आणि पुढच्या ओळीला लागले. मी पुढच्या खेपेसाठी बादलीत पाणी भरायला वाकलो, कारण मला त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.