दादाच्या गुळातली भांग

माझ्या मरणाऱ्या भावाला मी रोज भांग खाऊ घातली.
त्याच्या बायकोशी खोटं बोलून.

आज दादाची पुण्यतिथी. हे तीन वेळा लिहिलं आणि पुसलं.

पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट असेल. दादा सौंसरला संत्र्यांच्या पेट्या भरायचा.

त्याच्या काही वर्षं आधी त्याला कावीळ झाली होती. रामाकोन्याहून आणलेली काड्यांची माळ त्याच्या डोक्यावर ठेवली. माळ सैल होत गळ्यात उतरली, मग पोटापर्यंत आली. सगळे म्हणाले, कावीळ उतरली.
मीही म्हणालो.

मग त्याचं पोट फुगलं. उजव्या बरगडीखाली दगडासारखं लागायचं.
नागपूरच्या डॉक्टरांनी मला बाजूला नेलं. "कावीळ गेलीच नव्हती. आत लिव्हरमध्ये राहिली. आता कॅन्सर आहे. घरी न्या."

दादाला घास गिळवेना. पाणीही उलटून पडायचं.
कुणीतरी म्हणालं, भांगेनं भूक लागते. पांढुर्ण्याला भांगेचं सरकारी दुकान होतं, त्या ठेक्यावरून आणली, वाटली, गुळात गोळी केली.

वहिनींच्या माहेरी भांगेपायी एक भाऊ वाया गेला होता. त्यांच्यासमोर नाव काढायची सोय नव्हती. म्हणून सांगितलं, मोहगावच्या वैद्याचं औषध आहे.

दादाने पहिली गोळी चघळली आणि माझ्याकडे बघून हसला.
"काऊन रे, तुहा वैद्य महादेवाच्या देवळात बसते काय?"
"हळू बोल ना दादा. वहिनी आयकून राहिली."
"आयकू दे. उद्या मोठी आणजो."

त्या दिवशी त्याने दीड भाकर खाल्ली. वहिनी चुलीपाशी बसून रडल्या.

पुढे रोज गोळी. तो जेवायचा. पोट मात्र वाढतच गेलं.
मग गेला.

मागच्या आठवड्यात नात आली. फार्मसी शिकते. मी सहज विचारल्यासारखं भांगेचं विचारलं.
"आबा, भांग शरीरात जिथं चिकटते ना, त्या जागांना रिसेप्टर म्हणतात. लिव्हरमध्ये पण असतात. काविळीतून झालेल्या कॅन्सरमध्ये कधी कधी त्या वाढलेल्या सापडतात."
"त्यानं कॅन्सर वाढते की थांबते?"
"दोन्ही बाजूंनी लिहिलेलं आहे. नक्की कोणालाच माहीत नाही."
"म्हणजे मी दिलेलं दादानं खाल्लं, की त्या गाठीनं?"
तिने माझा हात धरला. मग म्हणाली, "आबा, घाबरू नका."

घाबरू नका म्हटलं की मला जास्त भीती वाटते. मी सातवी नापास माणूस. तेव्हापासून रोज सकाळी स्वतःच्याच बरगडीखाली बोटं दाबून पाहून राहिलो.

पण त्याहून मोठी भीती आजची आहे.

दरवर्षी आजच्या दिवशी वहिनी फोटोसमोर पान ठेवतात आणि शेजारी मला ताट वाढतात. चारचौघांत म्हणतात, "भाऊजीच्या औषधानं त्याईले शेवटचे घास भेटले."
मी मान खाली घालून जेवतो. लोकांना वाटतं, दुःखाने.

यंदा तो घास माझ्याने गिळवणार नाही.

वहिनी, तुमची सूनबाई ही पोस्ट तुम्हाला वाचून दाखवेल. तोंडाने सांगायची माझी हिंमत नाही.
ते औषध नव्हतं. भांग होती.
त्याने दादाचं बरं झालं की वाईट, मला माहीत नाही.

दुपारी बारा वाजता तुमच्या फाटकाबाहेर येऊन उभा राहतो. ताट वाढलं असेल तर हाक मारा.
नाही मारली तर तसाच परत जाईन.

दादा, तुला नमस्कार.
तू हसला होतास, तेवढंच माझ्यापाशी आहे.