न पडलेली पाकळी

कंपनीच्या प्रयोगशाळेत उभ्याने काम करताना माझे पाय जड झाले आणि संध्याकाळपर्यंत कमरेखाली काहीच जाणवेनासं झालं. पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं, मज्जारज्जूला सूज आली आहे. औषधांनी सूज उतरली, पाय मात्र परत आले नाहीत. कधी येतील, येतील की नाही, ते डॉक्टर सांगेनात. काहींचे येतात, काहींचे नाही, एवढंच म्हणत. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, तोही रसायनशास्त्राचा. त्या उत्तराचा मला संताप यायचा. देवीचं नाव घेणंही मी सोडून दिलं. खालापूर तालुक्यातल्या आमच्या गावी चुलते हसत म्हणाले, "शिकून पायावर उभा ऱ्हायला म्हणतात, तो ह्यो असा." ते मी अजून विसरलेलो नाही.

शेवटी आईने कौल लावायचं ठरवलं. आमच्याकडे गावदेवीच्या मूर्तीला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मला खुर्चीसकट उचलून देवळात नेलं. "माजा पोर चालंल का?" आईने विचारलं. आम्ही वाट पाहत राहिलो. एकही पाकळी पडेना. गुरव ओशाळले. "पाणी जास्त झालं आसंल वैनी. परत लावतो."

आई बराच वेळ देवीकडे बघत राहिली. रागाने नव्हे, दमलेल्या शेजारणीकडे बघावं तशी. मग म्हणाली, "नको लावू, दादा. तिलाबी म्हाईत नसंल."

आमच्यामागे कौलासाठी डोंगरातल्या वाडीवरची एक अनोळखी बाई थांबली होती. ती पुढे झाली. तांब्यातलं पाणी तिने देवीच्या पायांवर घातलं आणि उरलेलं माझ्या पायांवर. माझ्या डाव्या अंगठ्याला गार लागलं.

डॉक्टर म्हणाले, असं होऊ शकतं, पण त्यावरून पुढचं सांगता येत नाही. त्या अंगठ्यापलीकडे काही परत आलंही नाही. मी आजही खुर्चीतच आहे. नोकरी गेली, आणि मनातला कडूपणा पुरता गेला असंही म्हणवत नाही. ती बाई पुन्हा कुठे दिसली नाही. तिचे आभार मानायचे राहिले, ते इथे मानतो. पण जिने मला खोटा होकार दिला नाही, त्या देवीशी माझं भांडण तिथेच मिटलं.

रोज अंघोळीला आई पहिला तांब्या त्या अंगठ्यावर ओतते. "लागलं का रं?"

"लागलं."

त्यापुढचं आम्ही दोघंही विचारत नाही.