गुन्ह्यातली साथीदार

माझ्या मैत्रिणीचे बाबा इतवारीत एका ठोक व्यापाऱ्याकडे धान्य तोलायचे. तिथली तूरडाळीची पोती गायब झाली आणि पोलीस त्यांना घेऊन गेले. आम्ही तेव्हा मॅट्रिकला होतो. दुसऱ्या दिवशी आमच्या बाकावरच्या बाकी मुलींना म्हणे फळा दिसेनासा झाला. सगळ्या पुढे सरकल्या.

“शनिवारनंतर मी शाळेत नाही येत,” ती म्हणाली.

घरी आईने बजावलं, “तिच्यासंग बसू नको. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला!”

“लागू दे,” मी म्हटलं. आईने लाटणं उगारलं.

शनिवारी इंग्रजीच्या मॅडम वाक्प्रचार घ्यायच्या. अर्थ सांगायचा, मग एकेकीने वाक्य करायचं. आदल्या शनिवारी मैत्रीचे झाले होते. ‘फ्रेंड इन नीड’ आलं तेव्हा निम्म्या वर्गाने माझ्या या मैत्रिणीवरच वाक्यं केली होती, कारण चिंचांपासून पेनातल्या शाईपर्यंत सगळं हीच वाटायची. आता गुन्ह्याची पाळी होती. ‘रेड-हँडेड’ म्हणजे रंगेहाथ. ‘अकम्प्लिस’ म्हणजे गुन्ह्यातला साथीदार.

‘रेड-हँडेड’साठी मॅडमनी नेमकं हिला उभं केलं. मुद्दाम की नकळत, मला माहीत नाही. माफ मात्र मी त्यांना आजही केलेलं नाही. ती बाकाकडे बघत उभी राहिली. मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं.

माझं डोकंच फिरलं. मी उठले. “इफ शी इज अ थीफ, मॅडम, आय अ‍ॅम हर अकम्प्लिस.” ती चोर असेल, तर मी तिची साथीदार. वाक्य बिनचूक होतं, तरी मला वर्गाबाहेर काढलं.

ती डाळ कुणी नेली, हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि जाणून घ्यायचंही नव्हतं. मैत्री काय पोलिसांना विचारून करायची असते?

थोड्या वेळाने तीही व्हरांड्यात आली. तिला कुणी काढलं नव्हतं. खांद्यावर दोघींची दप्तरं होती.

“काहून बोलली वं?”

“मस्ती आली होती.”

ती भिंतीला टेकली. मग पदराने नाक पुसत म्हणाली, “मंगळवारी गणिताचा पेपर हाय. तुले येते काही?”

“नाही.”

“मंग मले यावंच लागन.”