दाढेवरची नोकरी

आमच्या गोवर्धन भाऊजीची नोकरी काय हाये, हे मी लगन होऊन आली तवा मले कोनी धड सांगेच ना. सासूबाई म्हनत, "मिलमध्ये हाये." नवरा म्हने, "तूर पाह्यते." मंग एक दिवस मीच इचारलं, तं माहे हे धाकले दीर लाजून म्हने, "वयनी, मी चावतो."

चावतो म्हनजे खरंच चावतो. अकोल्याच्या एमआयडीसीत एक दालमिल हाये, तिच्या गेटवर तुरीचं पोतं आलं का भाऊजी मूठभर दाने काढते, दोन दाने उजव्या दाढेखाली धरते अन् दाबते. 'कट्' वाजलं तं तूर सुकी, आत घ्या. दाना चपटला तं ओली, भाव कमी. सव्वीस वर्षं झाली, हेच काम. डाव्या अंगच्या दाढा तंबाखूनं कवाच्याच नेल्या, म्हनून सारी मिल उजव्या दाढेवर चाले.

सवय अशी का सत्यभामाले पाहाले आमी दर्यापूरकडं गेलो, तं हा मानूस पोह्याकडं पाहे ना अन् पोरीकडं बी पाहे ना. मांगं तुरीचे कट्टे, म्हनजे भरलेली पोती, रचले होते. त्यातले चार दाने काढले, चावले अन् होनाऱ्या सासऱ्याले म्हने, "मामाजी, अजून दोन ऊन दाखवा, मंगच इका." सासऱ्यानं तिथंच पोरगी देऊन टाकली. सत्यभामा अजून म्हनते, "माह्याकडं तं पाह्यलंच नाई, तुरीले पसंत करून गेले."

तं असं सुखात चालू होतं. औंदा दाळीचा उठावच गेला. बाजूच्या दोन मिलीले कुलपं लागली. आमच्या शेठनं एक पाळी बंद केली अन् साऱ्या नऊ जनाइले उभं करून सांगतलं, "पाचच ठेवता येईन. शनिवारी मारुतीले रोडगे हायेत, ते खाऊन घ्या, मंग नावं सांगतो."

त्याच हप्त्यात शेठचा पोरगा विपुल एक मशीन घेऊन आला. जेवनाच्या डब्याएवढी. तुरीचे दाने टाका, झाकन फिरवा, ओल किती ते आकड्यात दिसते. भाऊजीनं मशीनकडं असं पाह्यलं जसं कोनी घरात सवत आनली.

अन् बरोब्बर तवाच उजवी दाढ हलाले लागली.

मी म्हनलं, "भाऊजी, डॉक्टरकडं चला."

"नाई वयनी. तो काढून टाकीन. दाढ गेली का नोकरी गेली."

"दुखून राह्यली ना पन?"

"दुखू द्या. कामावर हाये तोवर दुखू द्या."

गालात लवंग ठेवून ठेवून आंगाले असा वास यायचा का मी सत्यभामाले म्हनलं, "वं, तुह्या नवऱ्याले भातात टाकला तं पुलाव होईन." ती बिचारी घरी मऊ खिचडी चारे अन् मिलीत न्यायले डब्यात फुटाने देई. फुटाने कोनी खायचे नोते, फक्त मांडीवर ठेवून दिसाले पायजे होते.

त्यात माहा पोरगा रोहित. तो मोबाइलवर पाहून काकाले शिकवाले बसला. "काका, मंदीत नोकरी टिकवायची असन तं आपलं काम मालकाले दिसलं पायजे."

"माहं काम दिसत नाई बेटा, आयकू येते."

"मंग आयकू द्या."

झालं. दुसऱ्या दिवसापासून भाऊजी गेट सोडून शेठच्या केबिनच्या खिडकीखाली बसाले लागले अन् दाने चावाले लागले. कट्, कट्, कट्. त्यातले अर्धे आवाज तं दाढ वाचवाले जिभेनंच काढलेले. दोन दिवस शेठनं आयकलं अन् तिसऱ्या दिवशी विपुलले म्हने, "केबिनमध्ये उंदीर झाला, पिंजरा लाव." पिंजरा लागला. त्यातलं ओलं खोबरं बी भाऊजीच्याच नशिबात आलं, कारन का ते मऊ होतं.

शनिवारी आमाले साऱ्याइले रोडग्याचं बलावनं होतं. गोवऱ्याच्या आरात भाजलेला कनकेचा रोडगा म्हनजे काय, ते ज्यानं खाल्ला त्यालेच मालूम. तुपात चुरल्यावर अमृत, पन चुरायच्या आधी तं भिताडाले मारा, भिताड पडीन. शेठ स्वतः वाढाले निंगाला. भाऊजीजवळ येऊन अख्खा रोडगा हातात देल्ला अन् म्हने, "गोवर्धन, हा चुरून नाई खायचा. तुह्या दाढेचा मान हाये."

सारी पंगत पाहाले लागली. भाऊजीनं माह्याकडं पाह्यलं. मी वांग्याच्या भाजीत तोंड घातलं, कारन मले हासू येऊन राह्यलं होतं अन् भेव बी वाटून राह्यलं होतं. त्यानं डोळे मिटले अन् रोडग्याले दाढ लावली.

आवाज झाला. रोडगा तसाच होता. दाढ मातर त्याच्यात बसली होती, जशी काही तिथंच उगवली.

भाऊजीनं रोडगा गुपचूप रुमालात गुंडाळला अन् तोंड बंद केलं. शेठ म्हने, "कसा हाये?" भाऊजी म्हने, "हं."

आता पाहा नशीब. त्याच वक्ती गेटवर ट्रॅक्टर आला. पुंजाराम म्हनून दर्यापूरचा कास्तकार, तीस कट्टे तूर घेऊन. मंदीच्या दिवसात हप्त्यातून एखादा ट्रॅक्टर ये, म्हनून शेठ जेवता जेवता उठला. विपुल मशीन घेऊन धावला. दाने टाकले, झाकन फिरवलं अन् म्हने, "ओल चौदा टक्के. भाव कमी लागन."

पुंजाराम तापला. "हे डबडं मले शिकवते काय? आठ दिवस खळ्यावर होती तूर. ट्रॅक्टर फिरव रे."

"काका, मशीन खोटं बोलत नाई," विपुल म्हने.

"मंग मी बोलतो काय?"

ट्रॅक्टर चालू झाला. शेठ वरडला, "गोवर्धन, जाय, चाव." अन् बाकीचे आठी जन मान वर करून पाहाले लागले. आता जर हा चावला नाई, तं पाचातून नाव गेलंच.

सत्यभामानं माहा हात असा आवळला का माही बांगडी वाकडी झाली.

भाऊजी गेले. ट्रॅक्टरवर चढले. एका कट्ट्यात खांद्यापर्यंत हात घातला, पार बुडाशी, अन् थोडा येळ तसाच ठेवला, जसे डॉक्टर नाडी पाह्यते. बुडातले मूठभर दाने काढले. अर्धे आपल्या तळहातावर ठेवले अन् अर्धे पुंजारामच्या हातात देल्ले. तोंडातून शब्द नाई. शब्द काढला असता तं रक्त दिसलं असतं. फक्त मान हलवली, का घ्या, चावा.

पुंजाराम चिडूनच चावला. दाना चपटला. दुसरा चावला, तो बी चपटला. मंग त्याचा ताव एकदम उतरला. म्हने, "वरचीच वाळली वाटते. खालची ओलीच राह्यली बावा." भाऊजीनं हात पुढं केला. त्यानं बी हात मिळवला. भाव ठरला अन् कट्टे उतराले लागले.

शेठ म्हने, "गोवर्धन, तू तं चावलाच नाई."

भाऊजीनं आता काय लपवायचं म्हनून तोंड उघडलं. दाढेच्या जागी खिडकी.

"दाढ कुठी गेली?"

"रुमालात हाये शेठ. तुमच्या रोडग्यासंग."

विपुल हासला, मंग सारी पंगत हासली. शेठ मातर हासला नाई. तो पुंजारामकडं पाहे, जो आता आरामात पंगतीत बसून वरन मागून राह्यला होता. विपुलले म्हने, "मशीननं चौदा सांगतलं अन् मानूस चालला होता. यानं काई सांगतलंच नाई अन् तो जेवाले बसला. मशीन याच्याच हातात दे. आकडा यानं पाहायचा, अन् चावायचं ज्याची तूर त्यानं."

असं पाचाइत पयलं नाव लागलं. बाकी चौघाइले महिन्याभरानं कामावरून काढलं. त्यातले दोघं भाऊजीनंच वळखीच्या गोडाऊनवर लावून देल्ले, अन् दोघं अजून काम धुंडून राह्यले.

भाऊजी आता मशीन भल्ली चालवते. मी त्याले म्हनते, सवतीशी जमलं बावा तुमचं.

सोमवारी मी त्याले दाताच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं बॅटरी मारून पाह्यलं अन् भीत भीत म्हने, "काका, बाजूची बी हलून राह्यली, काढा लागन."

भाऊजीनं खुर्चीत पाय लांब केले, आ केला अन् तसंच म्हने, "काढा ना साहेब. आता माहं काय जाते."